कात्रीचा तास

आमच्या पुस्तकात फेब्रुवारीत एक आठवडा येतो:
पान दोनशे बारा ते दोनशे तीस,
वर रंगीत पट्टी, हातात हात घातलेली चित्रातली मुलं.
जगाच्या कविता.
मार्च लागला की पुन्हा आपलं व्याकरण.

कॅन्ससच्या या गावात मान वर केली तर दोनच गोष्टी दिसतात,
आभाळ आणि मांसाच्या कारखान्याचं धुराडं.
तिथली रात्रपाळी सुटते तेव्हा शाळा भरते.
आईबाप झोपायला जातात,
मुलं माझ्याकडे येतात.

त्या दिवशीच्या कवितेत उंट होते.
मी वाचून संपवली, आणि सगळ्या वर्गाची मान
एकदम वळली
वाऱ्यानं गहू वळावा तशी
होदनकडे.
माझीही वळली, खोटं कशाला बोलू.
"होदन, तू सांग ना काहीतरी," मी म्हणाले.
किती गोड आवाज काढला होता मी!

होदननं पेनाला टोपण लावलं.
"मिस फ्रीझन, माझा जन्म विचिटाच्या दवाखान्यातला.
उंट एकदाच पाहिलाय, प्राणिसंग्रहालयात.
थुंकला होता."

वर्ग हसला. मीही हसले.
ते हसू मग रात्रभर
लाहीच्या फोलासारखं दाताच्या फटीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन बसले.
अकरा कविता. प्रत्येकीचं डोकं उडवलं:
कवीचं नाव गेलं, देश गेला, साल गेलं.
कागद बाकांवर पसरले आणि म्हणाले,
"कुणाची, कुठली, विचारायचं नाही.
ज्याला जी लागेल, ती त्याची."

एल्मर त्सोकनं उचलली गोठलेल्या तळ्याची,
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेल्या माणसाची.
ग्वातेमालाहून आलेला पोरगा, तळं गोठतं हे त्याला इथं कळलं.
"हा माझा बाप आहे," म्हणाला.
"शीतगृहात असतो. घरी आल्यावर
हातमोजे काढून बोटं सुटी होईपर्यंत
काही बोलत नाही."

केड अनरू, चार पिढ्यांची गव्हाची शेती,
त्यानं नेमके उंटच धरून ठेवले.
का, ते सांगितलं नाही.
विचारलं तर म्हणाला, "असंच."
पण आजोबांनी गाई विकल्या त्या उन्हाळ्यात
तो ट्रकमागं फाटकापर्यंत चालत गेला होता,
हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

एह पॉनं अकराच्या अकरा वाचल्या,
नीट चळत लावून परत आणून दिल्या.
"मला एकही लागली नाही."

मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते
तेवढ्यात होदननं हात वर केला.
"यांची नावं कुठे आहेत?"
कापली, मी म्हणाले, म्हणजे कुणी तुमच्याकडे...
"माझा मामा ओळ म्हणायच्या आधी
जिची असेल त्याचं नाव घेतो.
न घेता म्हटली
तर ती चोरी. मग भांडणं होतात, खरीखुरी."

काय बोलणार?
मी उठले, कचऱ्याची टोपली टेबलावर उपडी केली.
पेन्सिलीची सालपटं, संत्र्याची सालं, कुणाचं तरी च्युइंगम,
आणि त्यात माझ्या बारीक पट्ट्या.
मुलं भोवती जमली.
जिभा अडखळत होत्या, नावं मोडत होती, पुन्हा उभी राहत होती.
तळ्याला चुकून वाळवंटाचं नाव डकवलं,
पुन्हा सोलून काढलं.
एल्मर डिंकाची बाटली धरून होता.

घंटा झाली तेव्हा एक कविता तशीच उरली होती.
तिची पट्टी मिळेना,
बाकांखाली नाही, कुणाच्या बुटाला चिकटलेली नाही.
पुस्तक उघडून पाहता आलं असतं.
मी उघडणारच होते.

एह पॉनं तो कागद उचलून वहीत घातला.
"ही मी नेते," म्हणाली.
"नाव उद्या सांगा."

दार लागलं.
माझ्या बोटांना अजून
संत्र्याचा वास येत होता.